आत किती जण आहात?

१

घरातला एखादा माणूस कॉम्प्युटरच्या कामात असला की त्याची साडेसाती सुरू होते. मग तो जेवायला येवो, कुणाच्या साखरपुड्याला येवो, त्याच्या हातात कुणीतरी आपला बंद पडलेला फोन ठेवतंच. धाकट्याचं तसंच होतं. एका मोठ्या ग्रंथालयातली साठ-सत्तर यंत्रं तो सांभाळत असे, आणि नातेवाइकांत त्याची ख्याती होती एकाच औषधावर. बंद करा आणि परत चालू करा. दहातल्या नऊ वेळा औषध लागू पडे. दहाव्या वेळी तो "येऊन बघतो" म्हणे आणि जात नसे.

शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास ताईचा फोन आला.

"तो लॅपटॉप झोपेतून उठत नाहीये."

"बटण दहा सेकंद दाबून धर. बंद होईल. मग चालू कर."

"बंद करायचा नाही," ताई म्हणाली.

"अगं, त्याशिवाय कसा उठेल?"

"तू ये. मी झाकण परत मिटून ठेवलंय, आणि तू येईपर्यंत त्याला हात लावणार नाही."

ताई एरवी फोनवर तासभर बोलणारी बाई. ती दोन वाक्यांत थांबली म्हटल्यावर धाकट्याने मुकाट्याने स्वतःचा लॅपटॉप पिशवीत टाकला आणि निघाला.

ताई तळमजल्यावर राहत होती, आणि नानाही तिच्याकडेच होते. नाना म्हणजे या दोघांचे वडील. अडतीस वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या, आणि निवृत्त झाल्यावर मुलीला सांगितलं की आता मला जमिनीवर राहू दे. ते जाऊन दोन आठवडे होत आले होते. रविवारी दुपारी जेवून खुर्चीत बसले, आणि चार वाजता ताई चहा घेऊन गेली तेव्हा ते नव्हते. काही दुखलं-खुपलं नाही, कुणाला हाक नाही.

लॅपटॉप त्यांच्याच खोलीत, खिडकीखालच्या टेबलावर होता. झाकण मिटलेलं, चार्जर लावलेला. कडेचा इवलासा पांढरा दिवा सावकाश उजळत होता, सावकाश मावळत होता. यंत्र झोपलंय आणि सुखरूप आहे, असा त्याचा अर्थ.

"आता सांग," धाकटा म्हणाला. "बंद का नाही करायचा?"

"त्यात नाना आहेत," ताई म्हणाली.

२

गोष्ट साधी होती.

नाना जाण्याआधीचे दोन महिने ताई दर रविवारी त्यांना लॅपटॉपसमोर बसवून त्यांच्या कामाच्या आठवणी रेकॉर्ड करत असे. त्या शेवटच्या रविवारी ते रंगात येऊन बोलत होते. तेवढ्यात दारावर पार्सलवाला आला. ताई घाईने उठली आणि सवयीने झाकण मिटून गेली. मग स्वयंपाक, मग जेवण, मग चार वाजले. त्यानंतर लॅपटॉपची आठवण कुणाला राहणार? ती आज सकाळी आली.

"ते सेव्ह केलंच नव्हतं रे," ती म्हणाली. "पण झोपलेलं यंत्र सगळं लक्षात ठेवतं, असं तूच सांगितलं होतंस."

सांगितलं होतं खरं. झोपताना यंत्र हातातली सगळी कामं तशीच हातात धरून झोपतं. चार्जर असला तर महिनाभरसुद्धा धरून ठेवेल. पण बंद केलं की हात उघडतो आणि सगळं सांडतं. एरवी रेकॉर्डिंगचे तुकडे निदान डिस्कवर तरी पडत राहतात. या लॅपटॉपवर तेही नव्हतं. तीन वर्षांपूर्वी धाकट्यानेच त्यावर लिनक्स नावाची फुकट मिळणारी प्रणाली घालून दिली होती, आणि जुनं यंत्र चपळ व्हावं म्हणून सगळ्या तात्पुरत्या फायली डिस्कऐवजी मेमरीत ठेवायची सोय करून दिली होती. तेव्हा स्वतःच्या हुशारीवर केवढा खूश झाला होता! आता नानांचा शेवटचा आवाज त्या मेमरीत होता, आणि जगात दुसरीकडे कुठेच नव्हता.

हे त्याने ताईला सांगितलं नाही. झाकण उघडलं.

पडदा काळा. एक कळ दाबली, काही नाही. चालू करायचं बटण त्याने हलकेच, एकदाच दाबलं. काही नाही. बाहेरून दुसरा पडदा जोडून पाहिला, माहीत होते तेवढे कळांचे सगळे जोड दाबून पाहिले, अक्षरं मोठी करायची कळ दाबून तिचा दिवा लागतो का तेही पाहिलं. पंख्याचा आवाज नाही, तळाला ऊब नाही. कडेचा दिवा मात्र आपला उजळत होता आणि मावळत होता.

लिनक्सवाल्यांना हे दुखणं नवं नाही. यंत्र जागं होतं, पडदा तेवढा जागा होत नाही, आणि माणूस उगीच यंत्राच्या नावाने बोटं मोडतो. अशा वेळी दुसऱ्या यंत्रावरून नेटवर्कमधून हाक मारून पाहायची असते. धाकट्याने खाली फरशीवर बसून आपला लॅपटॉप उघडला आणि हाक पाठवली.

ताबडतोब उत्तर आलं.

"आहे! जिवंत आहे," तो ओरडलाच. "नुसता पडदा गेलाय."

ताईचा जीव भांड्यात पडला. ती डोळे पुसत म्हणाली, "चहा ठेवू?"

"ठेव."

ती आत गेली, आणि मग धाकट्याचं लक्ष पुन्हा त्या दिव्याकडे गेलं. तो दिवा फक्त झोपेत लुकलुकतो. जागं झालेलं यंत्र तो दिवा स्थिर ठेवतं. आणि झोपलेलं यंत्र हाकेला ओ देत नाही.

३

दिवा बिघडला असेल, असं त्याने ठरवलं. बिघाड झालेल्या यंत्रात आणखी एक बिघाड, त्यात नवल ते काय!

ताईचा पासवर्ड घालून तो नेटवर्कवरून आत शिरला. काळ्या खिडकीत पांढरी अक्षरं, नेहमीचंच दृश्य. घोडं कुठे पेंड खातंय ते पाहायला त्याने आधी यंत्राची रोजनिशी उघडली. लिनक्स आपल्या प्रत्येक हालचालीची त्यात नोंद करतं. कधी झोपलं, कधी उठलं, कोण आत आलं, सगळं.

शेवटची नोंद त्या रविवारची होती. अकरा वाजून बेचाळीस मिनिटं, झाकण मिटलं. त्याखाली, झोपत आहे.

पुढे काहीच नाही. उठल्याची नोंद नाही. तो स्वतः आता आत आला, त्याचीही नाही.

त्याने यंत्राला वेळ विचारली. रविवार, अकरा बेचाळीस. थांबून परत विचारली. रविवार, अकरा बेचाळीस. भिंतीवरच्या घड्याळात शनिवारचे साडेअकरा होत होते. त्याने तिसऱ्यांदा विचारलं, आणि तेच उत्तर आल्यावर विचारायचं सोडून दिलं. घड्याळ अडकलंय, तो स्वतःशी म्हणाला. ग्रंथालयात असलं काही झालं असतं तर त्याने शिट्टी वाजवत दुरुस्त केलं असतं. इथे त्याने त्या घड्याळाला हात लावला नाही.

मग त्याने रेकॉर्डिंगची फाईल शोधली. ती मेमरीत होती, अगदी जिथे असायला हवी तिथे. फक्त ती फार मोठी होती. तासाभराच्या बोलण्याची फाईल ती केवढी असणार! ही शेकडो पटींनी मोठी होती. त्याने दोनदा आकडा वाचला, आणि दुसऱ्या वेळी तो पहिल्यापेक्षा मोठा होता.

फाईल वाढत होती.

ताई चहा घेऊन आली. त्याच्या चेहऱ्याकडे पाहून तिने कप टेबलावर ठेवले.

"गेलं का रे सगळं?"

"नाही. आहे," तो म्हणाला. "जरा जास्तच आहे."

आधी नक्कल करून ठेवावी, म्हणून त्याने फाईल आपल्या लॅपटॉपवर उतरवली. नकलेत नुसती खरखर निघाली. दुसरी नक्कल, तीच खरखर. मग त्याने नेटवर्कवरूनच, थेट तिथली फाईल लावली, आणि नानांचा आवाज खोलीत आला.

इतका जवळून, की ताईने तोंडावर हात धरला.

४

चाळीस मिनिटं दोघं हलली नाहीत. नाना सांगत होते की अडकलेल्या लिफ्टपाशी गेल्यावर हत्यारं नंतर काढायची, आधी बोलायला लागायचं. आतल्या माणसाला कळत नसतं की आपण कुठे आहोत, वर की खाली. अंधार असतो, आणि अंधारात माणसाला वेळ कळत नाही. एक बाई वीस मिनिटं अडकली होती आणि बाहेर आल्यावर विचारत होती की आज वार कोणता. यावर नाना स्वतःच हसले. मग बेल वाजली.

"नाना, थांबा हं, आलेच," रेकॉर्डिंगमधली ताई म्हणाली. खुर्ची सरकली. झाकण मिटल्याचा खट्ट आवाज झाला.

इथे संपायला हवं होतं.

संपलं नाही. खोलीतली शांतता चालूच राहिली. खुर्ची करकरली. कुणीतरी घसा खाकरला, आणि तो खाकरा कुणाचा होता हे दोघांनाही सांगायची गरज नव्हती. बऱ्याच वेळाने नाना म्हणाले, "झालं का गं?"

"झाकण मिटल्यावर थोडा वेळ चालू राहतं," धाकटा घाईघाईने म्हणाला. "लगेच झोपत नाही ते."

"किती वेळ?"

"काही सेकंद."

त्याने रेकॉर्डिंग पुढे सरकवलं. एक तास पुढे. कुणीतरी बोटांनी टेबलावर ठेका धरत होतं. पाच तास पुढे, म्हणजे नाना गेल्याच्या नंतर. संथ श्वास. तीन दिवस पुढे.

"घाबरायचं काही कारण नाही," नाना अगदी शांतपणे म्हणत होते. "मी आहे इथे."

ताईने त्याचा दंड धरला. "हे कधीचं आहे?"

त्याने जमेल तसा तर्क लढवला. आधीच्या रविवारांची आठ-नऊ रेकॉर्डिंगं याच लॅपटॉपमध्ये होती. मेमरीत गुंता झाला, जुने तुकडे नव्यात मिसळले, यंत्र तेच ते गिरवत बसलं. हे पटण्यासारखं होतं, निदान ताईला तरी. ती मान डोलावत होती.

"शेवट ऐकू," तो म्हणाला. "आत्ताचं टोक. तिथे काहीच नसेल बघ."

टोकाला आधी कळांचा टकटकाट ऐकू आला. मग ताईचा आवाज, "हे कधीचं आहे?" मग धाकट्याचा, जुन्या रेकॉर्डिंगबद्दल पुटपुटणारा. माईक चालू होता तर! तो ही खोली ऐकत होता, आणि आवाज मिनिटभर मागून येत होता. धाकट्याला हायसं वाटलं. सगळ्याचा उलगडा झाला होता.

मग रेकॉर्डिंगमधला धाकटा म्हणाला, "तिथे काहीच नसेल बघ," आणि नाना म्हणाले, "धाकट्या, तूपण आहेस का आत?"

५

ताई रडली नाही. याचं धाकट्याला नंतरही, म्हणजे पुढच्या पाच-दहा मिनिटांत, आश्चर्य वाटत राहिलं. ती टेबलाजवळ खुर्ची ओढून बसली, त्या काळ्या पडद्याकडे तोंड केलं आणि म्हणाली, "हो नाना. तोही आहे."

मिनिट गेलं. इतकं लांब मिनिट दोघांनीही कधी काढलं नव्हतं. मग ताईचं वाक्य परत आलं, आणि त्याला लागूनच नानांचं.

"बरं झालं, सोबत आहे तुला. तू इतके दिवस बोलतच नव्हतीस. मला वाटलं, गुदमरलीस की काय. आत किती जण आहात एकूण?"

"दोघंच," ताई म्हणाली. "नाना, तुम्ही कुठे आहात?"

धाकट्याने मध्येच तिचा हात दाबला. त्याला नेमकी कशाची भीती वाटत होती हे विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. त्याने खोलीकडे पाहिलं. नानांची खुर्ची रिकामी होती. खिडकीबाहेर आवाराची भिंत, तिच्यावर ऊन, तारेवर वाळत घातलेला कुणाचा तरी टॉवेल. स्वच्छ दुपार होती, आणि आपण दोन धडधाकट माणसं एका बंद पडलेल्या यंत्राशी बोलतोय, असं तो मनाला बजावत होता.

"मी बाहेर आहे," नानांचं उत्तर आलं. "दाराशीच. तुम्ही दोघं आत अडकलात. रविवारी तू आलेच म्हणालीस आणि दार मिटलं ते उघडेचना. तेव्हापासून मी बोलतोय. आपण बोलत राहिलं की आतला माणूस धीर सोडत नाही."

धाकट्याची मती गुंग झाली. तो फक्त एवढंच करू शकला की आकडे पाहिले, कारण आकडे पाहायची त्याला सवय होती. मेमरी सत्त्याण्णव टक्के भरली होती.

"ताई, ऐक," तो कुजबुजला. "ही फाईल वाढतेय. मेमरी भरली की यंत्र जागच्या जागी कोसळेल, आणि मग यातलं काहीही उरणार नाही. नानांची आठवण नाही, ती चाळीस मिनिटं नाहीत, काहीच नाही. चालू फाईलची नक्कल निघत नाही, रेकॉर्डिंग थांबवून डिस्कवर उतरवायला हवं. आत्ताच."

"थांबवलं तर ते बोलायचे थांबतील."

"पण आवाज राहील!"

ताईने त्याच्याकडे असं पाहिलं की लहानपणी त्याने तिची वही फाडली होती तेव्हाही तिने तसं पाहिलं नव्हतं. "मला आवाजच हवा होता रे," ती म्हणाली. "सकाळपर्यंत."

तरीही त्याने कमांड टाइप केली. थांबव आणि सेव्ह कर. बोट एंटरवर नेऊन ठेवलं, दाबलं नाही. अठ्ठ्याण्णव.

तेवढ्यात जमीन हलली.

मोठी नाही. कपातला चहा डुचमळला आणि बशी किणकिणली, एवढंच. ताई म्हणाली, "ट्रक गेला वाटतं," आणि धाकट्याने लगेच हो म्हटलं.

त्यापाठोपाठ रेकॉर्डिंगमध्ये नाना बोलू लागले. कामावरचा त्यांचा आवाज होता हा. घरात त्यांनी तो कधी वापरला नव्हता. सावकाश, एकेक शब्द वेगळा.

"आता नीट ऐका. वीज काही येत नाही. मी वर मशीनच्या खोलीत जातोय, चाक हाताने फिरवून तुम्हाला मजल्याला लावतो. मधूनमधून हिसके बसतील. वर गेलो की माझा आवाज यायचा नाही, तेवढ्यावरून घाबरायचं नाही. आणि एक सांगतो. मी येऊन दार उघडेपर्यंत आत कुणीही कुठलंही बटण दाबायचं नाही. दाबलंत तर मधल्यामध्ये राहाल, आणि मग मला तुमच्यापर्यंत येता येणार नाही."

पावलं दूर गेली. लोखंडी जिन्यावरून जातात तशी, ठण ठण, वर वर. त्यानंतर रेकॉर्डिंगमध्ये बशीची किणकिण ऐकू आली आणि ताई म्हणाली, "ट्रक गेला वाटतं."

६

नव्व्याण्णव.

धाकट्याचं बोट कळेवर होतं. एक दाब, की नाना कायमचे त्यांच्याजवळ राहणार होते, हसण्यासकट, खाकरण्यासकट, तो पुढे नातवंडांना ऐकवू शकला असता. त्याला नाना हवे होते. दोन आठवडे त्याने हे कुणाला सांगितलं नव्हतं, ग्रंथालयात तो दुसऱ्याच दिवशी कामाला गेला होता, आणि आता त्याला ते इतके हवे होते की बोट कळेवरून निघेना.

"ताई, सगळंच जाईल," तो म्हणाला.

"जाऊ दे."

"परत मिळणार नाही. कधीच."

"त्यांनी दाबू नका म्हटलंय ना!" ताई ओरडली. "आयुष्यभर त्यांनी लोकांना बाहेर काढलं. त्यांना कळतं की तुला?"

धाकट्याने हात मागे घेतला. त्याला वाटलं होतं की यंत्र जाताना काहीतरी आवाज होईल. काही झालं नाही. त्याच्या पडद्यावर एक ओळ आली की पलीकडून उत्तर मिळत नाही. टेबलावरच्या लॅपटॉपचा पांढरा दिवा उजळला, मावळला, आणि परत उजळला नाही. नाना गेले होते. पहिल्यापेक्षा हे जाणं अधिक कायमचं होतं, कारण या वेळी ते त्याने होऊ दिलं होतं. तो हुंदके देऊन रडू लागला आणि ताईने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

मग पुन्हा हिसका बसला.

या वेळी चहा बशीत सांडला. ट्रक म्हणायला कुणी तोंड उघडलं नाही. खिडकीबाहेर आवाराच्या भिंतीची वरची कड चौकटीच्या गजाला लागून दिसत असे. ती आता त्या गजाच्या बोटभर खाली होती. पुढच्या हिसक्याला आणखी बोटभर. तारेवरचा टॉवेलही तेवढाच खाली उतरला, खोलीच वर चढत असावी तसा. धाकट्याने डोळे चोळले, गज मोजले, परत पाहिलं. आपण रडल्यामुळे असं दिसतंय, असा विचार त्याच्या मनात आला आणि टिकला नाही.

खोलीचं दार लोटलेलं होतं. त्याच्या खालच्या फटीत स्वयंपाकघरातला उजेड दिसायचा. त्या उजेडाच्या जागी आता काळोखाची एक पट्टी होती, आणि दर हिसक्याला ती थोडी सरकत होती. दाराच्या वर, जिथे फट असायचं काही कारण नव्हतं, तिथे फट पडू लागली होती. तिच्यातून आत येणारा उजेड स्वयंपाकघराचा नव्हता.

नाना येतायत याचा आनंद मानावा की धडकी भरावी, हे दोघांनाही कळेना. दार कुठे उघडेल, कोणत्या मजल्याला, आणि तिथे दुपार असेल की आणखी काही, हे विचारायला आता पलीकडे कुणी नव्हतं. दोघं खोलीच्या मधोमध, भिंतीला न टेकता, एकमेकांचा हात धरून दाराकडे तोंड करून उभी राहिली. धाकट्याच्या लॅपटॉपवर ती कमांड अजून तशीच होती. त्याने तो पायाने दूर सारला, आणि पुढचा हिसका बसायची वाट पाहू लागला.